पक्षीय ध्रुवीकरणाच्या काळातील लोकसेवा आणि व्यवहारनिष्ठ नेतृत्व : अमेरिकेतील राज्यांच्या गव्हर्नरांच्या भूमिकेचा अभ्यास

प्रस्तावना :

लोकशाही शासनव्यवस्थेत राजकीय पक्ष अपरिहार्य मानले जातात. मतदारांपुढे पर्याय ठेवणे, जनमत संघटित करणे आणि सत्ताधाऱ्यांवर अंकुश ठेवणे ही कार्ये पक्षांशिवाय पार पडत नाहीत. मात्र प्रत्येक सार्वजनिक प्रश्नाचे उत्तर पक्षनिष्ठेनेच आधी ठरू लागले म्हणजे शासनाचे दैनंदिन काम अडते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९९० च्या दशकापासून हा अनुभव वाढत्या प्रमाणात येत आहे. निधीच्या तरतुदीवरून डेमोक्रॅटिक व रिपब्लिकन या दोन प्रमुख पक्षांत एकमत न झाल्याने १९९५-९६, २०१३, २०१८-१९ आणि २०२५ या वर्षांत तेथील संघशासनाचे कामकाज दीर्घकाळ ठप्प झाले. याच काळात दोन्ही पक्षांचे अनेक गव्हर्नर मात्र आपण पक्षापेक्षा कामाला महत्त्व देतो, असे सातत्याने सांगत आले आहेत. हा दावा कितपत खरा आहे, त्यामागची कारणे कोणती आणि तो कोठे अपुरा पडतो, यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

येथे एका संज्ञेचा खुलासा आवश्यक आहे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५५ नुसार राज्यपालाची नेमणूक राष्ट्रपती करतात आणि तो राज्याचा नामधारी प्रमुख असतो. अमेरिकेतील राज्याचा गव्हर्नर जनतेकडून थेट निवडला जातो आणि तोच राज्याचा वास्तविक कार्यकारी प्रमुख असतो. कार्याच्या दृष्टीने तो भारतातील मुख्यमंत्र्याच्या जवळ जातो. परंतु त्याचे पद विधिमंडळातील बहुमतावर अवलंबून नसते. त्यामुळे विरोधी पक्षाचे बहुमत असलेल्या विधिमंडळासमवेत चार वर्षे काम करण्याची वेळ त्याच्यावर येऊ शकते. 'राज्यपाल' या शब्दाने गैरसमज होण्याची शक्यता असल्याने प्रस्तुत लेखात 'गव्हर्नर' हाच शब्द योजिला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) गव्हर्नरपदाची रचना आणि व्यवहारनिष्ठ नेतृत्व यांतील संबंध स्पष्ट करणे.
२) लोकसेवेविषयी गव्हर्नरांनी मांडलेल्या भूमिकांचे स्वरूप समजून घेणे.
३) निवडक घटनांच्या आधारे व्यवहारनिष्ठ नेतृत्वाचे यश व मर्यादा तपासणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. मुख्यतः २००९ नंतरच्या सार्वजनिक नोंदीतील घटना विचारात घेतल्या असून दोन्ही पक्षांच्या गव्हर्नरांची उदाहरणे निवडली आहेत.

संकल्पनात्मक चौकट :

'व्यवहारनिष्ठ' हा शब्द मराठीत अनेकदा 'तडजोडवादी' किंवा 'संधिसाधू' या अर्थाच्या जवळ नेला जातो. तात्त्विक परंपरेत त्याचा अर्थ वेगळा आहे. विल्यम जेम्स यांनी १९०७ मध्ये आणि पुढे जॉन ड्यूई यांनी जी विचारसरणी मांडली, तिच्यात कोणत्याही कल्पनेची कसोटी तिच्या परिणामांत शोधली जाते. धोरण हा एक प्रयोग असून अनुभवाच्या आधारे त्यात दुरुस्ती करावयाची असते, हा या विचाराचा गाभा होय. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात ड्यूई यांचे विद्यार्थी होते. त्यामुळे महाराष्ट्रातील अभ्यासकांना ही परंपरा अपरिचित नाही.

अमेरिकेतील राज्यांच्या संदर्भात हाच विचार १९३२ मध्ये न्यायमूर्ती लुई ब्रँडाइस यांच्या भिन्नमताच्या निकालपत्रात आढळतो. एखादे राज्य इतर राज्यांना धोका न पोहोचविता नवे सामाजिक व आर्थिक प्रयोग करू शकते, असे त्यांनी प्रतिपादन केले. राज्यांना 'लोकशाहीच्या प्रयोगशाळा' म्हणण्याचा प्रघात त्यातून रूढ झाला. व्यवहारनिष्ठ गव्हर्नर म्हणजे दोन पक्षांच्या बरोबर मध्यावर उभा असलेला गव्हर्नर नव्हे. स्वतःच्या धोरणाचे परिणाम तपासण्याची आणि प्रतिकूल परिणाम दिसल्यास दिशा बदलण्याची ज्याची तयारी असते, त्याला या अर्थाने व्यवहारनिष्ठ म्हणता येईल.

पदाची रचना आणि तिची शिस्त :

गव्हर्नरांच्या व्यवहारनिष्ठेचा मोठा भाग त्यांच्या स्वभावातून नव्हे, तर पदाच्या रचनेतून येतो. पहिली बाब अर्थसंकल्पाची होय. व्हरमाँटचा अपवाद वगळता जवळजवळ सर्व राज्यांत अर्थसंकल्प समतोल राखण्याचे कोणते ना कोणते कायदेशीर बंधन आहे. संघशासन तुटीचा अर्थसंकल्प मांडून कठीण निवड पुढे ढकलू शकते; गव्हर्नराला ती सवलत नाही. करकपात करावयाची तर कोणता खर्च कमी करणार, हे त्याला त्याच वर्षी सांगावे लागते.

दुसरी बाब नकाराधिकाराची होय. पन्नासपैकी ४४ राज्यांत गव्हर्नराला विनियोजन विधेयकातील एखादी विशिष्ट तरतूद नाकारण्याचा अधिकार आहे. राष्ट्राध्यक्षाला १९९६ च्या कायद्याने दिलेला असा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये घटनाबाह्य ठरविला. गव्हर्नर विधेयकाचा मोठा भाग स्वीकारून आक्षेपार्ह भाग वगळू शकतो. संपूर्ण संघर्ष आणि संपूर्ण शरणागती यांच्यामधील मार्ग त्याला त्यामुळे उपलब्ध होतो.

तिसरी बाब प्रत्यक्ष उत्तरदायित्वाची होय. महापूर, चक्रीवादळ, पूल कोसळणे, साथीचा आजार अशा प्रसंगी नागरिकांची पहिली अपेक्षा गव्हर्नराकडून असते. राज्याच्या नॅशनल गार्डचे नेतृत्व सामान्यतः त्याच्याकडे असते. यशापयश डोळ्यांना दिसते आणि त्याचे श्रेय किंवा दोष दुसऱ्यावर ढकलणे अवघड जाते.

या रचनेला संस्थात्मक परंपरेचीही जोड आहे. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०८ मध्ये नैसर्गिक संपत्तीच्या संवर्धनासाठी गव्हर्नरांची परिषद बोलाविली. तिच्यातूनच पुढे नॅशनल गव्हर्नर्स असोसिएशन ही संघटना आकारास आली. तिचे अध्यक्षपद दोन पक्षांत आलटून पालटून जाते आणि उपाध्यक्ष दुसऱ्या पक्षाचा असतो. १९८९ मध्ये शार्लट्सव्हिल येथे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांनी बोलाविलेल्या शिक्षण परिषदेत दोन्ही पक्षांच्या गव्हर्नरांनी राष्ट्रीय शैक्षणिक उद्दिष्टांच्या कल्पनेस पाठिंबा दिला. आर्कान्साचे तत्कालीन गव्हर्नर बिल क्लिंटन यांचा त्यात पुढाकार होता.

लोकसेवेविषयीच्या भूमिका :

गव्हर्नरांच्या विचारांत लोकसेवेच्या तीन वेगवेगळ्या कल्पना दिसून येतात.

पहिली कल्पना नैतिक कर्तव्याची आहे. ओहायोचे रिपब्लिकन गव्हर्नर जॉन कॅसिक (२०११-२०१९) यांनी गरिबांसाठीच्या मेडिकेड या आरोग्ययोजनेच्या विस्ताराचे समर्थन करताना आपल्या धर्मश्रद्धेचा आधार घेतला. शासन किती लहान ठेवले यापेक्षा गरिबांसाठी काय केले, याचा जाब अखेरीस द्यावा लागेल, अशा आशयाची त्यांची मांडणी होती.

दुसरी कल्पना व्यवस्थापनाची आहे. मॅसॅच्युसेट्सचे रिपब्लिकन गव्हर्नर चार्ली बेकर (२०१५-२०२३) यांनी डेमोक्रॅटिक बहुमताच्या विधिमंडळासमवेत आठ वर्षे काम केले. स्टीव्ह कॅडिश यांच्यासमवेत २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी योग्य माणसांची निवड, वस्तुस्थितीची तपासणी, अंमलबजावणीची पद्धत आणि निष्पत्तीचा आग्रह या चार गोष्टींवर भर दिला. धोरण जाहीर करणे सोपे असते. ते कार्यालयातील शेवटच्या मेजापर्यंत पोहोचविणे कठीण असते, ही जाणीव या मांडणीच्या मुळाशी आहे.

तिसरी कल्पना नागरिकत्वाची आहे. मेरीलँडचे डेमोक्रॅटिक गव्हर्नर वेस मूर यांच्या पुढाकाराने २०२३ मध्ये तरुणांसाठी वर्षभराच्या सशुल्क लोकसेवेचा कार्यक्रम कायद्याने सुरू झाला. त्याच वर्षी युटाचे रिपब्लिकन गव्हर्नर स्पेन्सर कॉक्स यांच्या राज्यातही तशाच स्वरूपाची सेवा-पाठ्यवृत्ती सुरू झाली. भिन्न पार्श्वभूमीच्या तरुणांनी एकत्र काम केल्यास परस्परांविषयीचा अविश्वास कमी होईल, ही अपेक्षा दोन्ही कार्यक्रमांत समान आहे.

या कल्पना केवळ भाषणापुरत्या राहत नाहीत, याचे एक उदाहरण शासकीय नोकरभरतीत आढळते. मेरीलँडचे तत्कालीन रिपब्लिकन गव्हर्नर लॅरी होगन यांनी मार्च २०२२ मध्ये हजारो शासकीय पदांसाठीची चार वर्षांच्या पदवीची अट शिथिल केली. डिसेंबर २०२२ मध्ये युटाने आणि जानेवारी २०२३ मध्ये डेमोक्रॅटिक गव्हर्नर जॉश शापिरो यांनी पेन्सिल्व्हेनियात तेच धोरण स्वीकारले. पेन्सिल्व्हेनियात सुमारे ६५,००० पदे, म्हणजे राज्यशासनाच्या सुमारे ९२ टक्के नोकऱ्या, त्यामुळे पदवी नसलेल्यांना खुल्या झाल्या. एका पक्षाने केलेला प्रयोग दुसऱ्या पक्षाने वर्षभरात उचलला.

प्रत्यक्ष कारभारातील प्रचिती :

मेडिकेड विस्ताराचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे. राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांच्या काळातील आरोग्यविमा कायद्यातील हा विस्तार सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राज्यांसाठी ऐच्छिक ठरविला. रिपब्लिकन पक्षाचा मूळ कायद्यास तीव्र विरोध होता. ओहायोच्या विधिमंडळाने विस्तारास मनाई करणारी तरतूद अर्थसंकल्पात घातली. कॅसिक यांनी नेमकी तेवढीच तरतूद नकाराधिकाराने वगळली आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये विधिमंडळ सदस्यांचा समावेश असलेल्या नियंत्रण मंडळाकडून निधीस मान्यता मिळविली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही कृती वैध ठरविली. आर्कान्सात डेमोक्रॅटिक गव्हर्नर माइक बीबी आणि रिपब्लिकन विधिमंडळ यांनी २०१३ मध्ये संघशासनाच्या पैशातून खाजगी विमा घेण्याचा पर्याय काढला. इंडियानात गव्हर्नर माइक पेन्स यांनी २०१५ मध्ये लाभार्थ्यांच्या अंशदानाची अट घालून विस्तार स्वीकारला. नाव व तपशील बदलल्याने प्रत्येक राज्यातील सत्ताधाऱ्यांना आपले तत्त्व राखल्याचे समाधान मिळाले आणि गरजूंना विमाही मिळाला. २०२३ अखेर ४० राज्यांनी हा विस्तार स्वीकारला होता.

धोरणातील चूक मान्य करण्याचे उदाहरण कॅन्सासमध्ये दिसते. तेथे रिपब्लिकन गव्हर्नर सॅम ब्राउनबॅक यांनी २०१२ मध्ये मोठी आयकर कपात केली. अपेक्षित आर्थिक वाढ झाली नाही, महसूल घसरला आणि राज्याचे पतमानांकन खालावले. जून २०१७ मध्ये रिपब्लिकन बहुमताच्याच विधिमंडळाने डेमोक्रॅटिक सदस्यांच्या साहाय्याने गव्हर्नरांचा नकाराधिकार ओलांडून ही कपात मोठ्या प्रमाणात रद्द केली. २०१८ मध्ये या राज्याने डेमोक्रॅटिक पक्षाच्या लॉरा केली यांना निवडून दिले. त्यांनी २०२२ मध्ये खाद्यपदार्थांवरील ६.५ टक्के राज्य विक्रीकर टप्प्याटप्प्याने शून्यावर आणणाऱ्या विधेयकावर स्वाक्षरी केली. त्यास दोन्ही पक्षांची मते मिळाली होती. मात्र मेडिकेड विस्तारासाठी केली यांनी २०२० मध्ये सिनेटमधील रिपब्लिकन नेत्याशी केलेला समझोता गर्भपातविषयक घटनादुरुस्तीच्या वादात अडकून पडला आणि पुढेही तो प्रश्न सुटू शकला नाही.

पेन्सिल्व्हेनियातील दोन घटनांची तुलना अधिक काही शिकवून जाते. ११ जून २०२३ रोजी फिलाडेल्फियात पेट्रोलवाहू टँकरला आग लागून आय-९५ या महामार्गाचा भाग कोसळला. गव्हर्नर शापिरो यांनी आपत्ती घोषित करून नेहमीचे प्रशासकीय नियम स्थगित केले, संघशासनाचे साहाय्य मिळविले, रात्रंदिवस काम चालविले आणि भराव टाकून तात्पुरता मार्ग तयार केला. १२ दिवसांत वाहतूक पूर्ववत सुरू झाली. त्याच वर्षी राज्याचा अर्थसंकल्प मात्र खाजगी शाळांसाठीच्या शिष्यवृत्तीच्या वादामुळे एक महिना रखडला, तर २०२५ मध्ये तो चार महिन्यांहून अधिक काळ अडकला. गव्हर्नर तोच, नोकरशाही तीच आणि विधिमंडळातील एक सभागृह डेमोक्रॅटिक व दुसरे रिपब्लिकन ही स्थितीही तीच होती. फरक प्रश्नाच्या स्वरूपात होता. रस्ता दुरुस्त व्हावा याविषयी कोणाचेही दुमत नव्हते. प्रश्न केवळ साधनांचा होता. शिक्षणाचा पैसा सार्वजनिक शाळांना द्यावा की पालकांच्या हाती, हा साध्याचा प्रश्न आहे. साध्यावर एकमत असते तेथे व्यवहारनिष्ठा वेगाने काम करते. साध्यावरच मतभेद असतात तेथे तिला केवळ वाटाघाटीची जागा निर्माण करता येते.

मर्यादा आणि मोजावी लागणारी किंमत :

व्यवहारनिष्ठ भूमिकेची राजकीय किंमत मोठी असू शकते. फ्लोरिडाचे रिपब्लिकन गव्हर्नर चार्ली क्रिस्ट यांनी फेब्रुवारी २००९ मध्ये आर्थिक मंदीच्या काळात राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या आर्थिक साहाय्य योजनेस जाहीर पाठिंबा दिला. व्यासपीठावरील दोघांच्या आलिंगनाचे छायाचित्र पक्षांतर्गत विरोधकांनी त्यांच्याविरुद्ध वापरले. २०१० मध्ये सिनेटच्या उमेदवारीच्या स्पर्धेत मागे पडल्यावर त्यांनी पक्ष सोडला आणि अपक्ष म्हणून लढताना ते पराभूत झाले. राज्याच्या हिताचा निर्णय पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत दोष ठरू शकतो, हा धडा त्यातून इतरांनी घेतला.

युटाचे कॉक्स यांचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. २०२० च्या निवडणुकीत त्यांनी आपल्या डेमोक्रॅटिक प्रतिस्पर्ध्यासमवेत संयुक्त जाहिरात केली. २०२३-२४ मध्ये असोसिएशनचे अध्यक्ष असताना मतभेद सभ्यतेने व्यक्त करण्याचा उपक्रम त्यांनी देशभर चालविला. मार्च २०२२ मध्ये पारलिंगी विद्यार्थिनींना मुलींच्या क्रीडास्पर्धांतून वगळणारे विधेयक त्यांनी नाकारले. राज्यातील सुमारे ७५,००० शालेय खेळाडूंपैकी केवळ चार जण पारलिंगी असल्याकडे त्यांनी लक्ष वेधले. त्यांच्याच पक्षाच्या विधिमंडळाने तो नकाराधिकार ओलांडला. एप्रिल २०२४ मधील पक्षाच्या अधिवेशनात त्यांची हुर्यो उडविली गेली आणि प्रतिनिधींनी प्रतिस्पर्ध्यास कौल दिला. स्वाक्षऱ्यांच्या मार्गाने प्राथमिक निवडणुकीत उतरून ते विजयी झाले. जुलै २०२४ मध्ये त्यांनी, पूर्वी ज्यांना मत दिले नव्हते त्या डोनाल्ड ट्रम्प यांना पाठिंबा जाहीर केला. सभ्यतेचा पुरस्कर्ताही पक्षाच्या दबावापासून मुक्त नसतो, अशी टीका त्यावर झाली. तथापि १० सप्टेंबर २०२५ रोजी युटातील एका विद्यापीठाच्या आवारात चार्ली कर्क यांची हत्या झाली, तेव्हा सूडाची भाषा टाळण्याचे आवाहन कॉक्स यांनी केले. राज्याचा प्रमुख त्या क्षणी कोणता शब्द उच्चारतो, यावर शांतता अवलंबून असू शकते. त्यामुळे सभ्यतेचा आग्रह केवळ शोभेचा ठरत नाही.

दुसरी मर्यादा कार्यक्षमतेच्या दाव्याची आहे. होगन यांनी एप्रिल २०२० मध्ये दक्षिण कोरियातून कोविड चाचणीचे ५ लाख संच आणले, तेव्हा त्यांची सर्वत्र प्रशंसा झाली. ते संच वापरता आले नाहीत आणि अधिक रक्कम देऊन ते बदलून घ्यावे लागले, हे नंतर उघड झाले. बेकर यांनी २०१५ च्या हिवाळ्यात कोलमडलेल्या बोस्टनच्या सार्वजनिक वाहतुकीच्या सुधारणेसाठी स्वतंत्र नियंत्रण मंडळ स्थापन केले. तरीही २०२२ मध्ये तेथील एक प्रमुख रेल्वेमार्ग दुरुस्तीसाठी ३० दिवस बंद ठेवावा लागला. परिणाम हीच कसोटी मानणाऱ्यांनी ती स्वतःलाही लावून घेणे आवश्यक आहे.

तिसरी मर्यादा सत्तेच्या विभागणीतून येते. केंटकीचे डेमोक्रॅटिक गव्हर्नर अँडी बेशिअर हे डिसेंबर २०२१ चे चक्रीवादळ आणि जुलै २०२२ चा महापूर या आपत्तींतील कामामुळे लोकप्रिय झाले आणि २०२३ मध्ये पुन्हा निवडून आले. परंतु तेथील विधिमंडळ निर्वाचित सदस्यांच्या साध्या बहुमताने गव्हर्नराचा नकाराधिकार ओलांडू शकते. त्यामुळे लोकप्रियतेचे रूपांतर कायद्यात होत नाही. उलट, तीन चतुर्थांशांहून अधिक राज्यांत गव्हर्नरपद आणि विधिमंडळाची दोन्ही सभागृहे एकाच पक्षाकडे आहेत. तेथे विरोधकांचे ऐकण्याची गरजच उरत नाही. १९८९ च्या परंपरेतील समान शालेय अभ्यासक्रम-मानके २०१० मध्ये असोसिएशनच्या सहभागाने तयार झाली, तेव्हा त्यांना दोन्ही पक्षांचा पाठिंबा होता. काही वर्षांतच ती राष्ट्रीय पक्षीय वादात सापडली आणि २०१४ मध्ये इंडियानाने ती सोडून दिली. राष्ट्रीय राजकारण राज्याच्या प्रश्नांवर कसे आरूढ होते, हे त्यावरून स्पष्ट होते.

मतदार मात्र अद्याप पूर्णतः पक्षांत विभागलेले नाहीत. २०२४ मध्ये ११ राज्यांत गव्हर्नरपदाची निवडणूक झाली. त्यांपैकी नॉर्थ कॅरोलायना, न्यू हॅम्पशायर आणि व्हरमाँट या तीन राज्यांत राष्ट्राध्यक्षपदासाठी एका पक्षाला आणि गव्हर्नरपदासाठी दुसऱ्या पक्षाला बहुसंख्य मतदारांनी कौल दिला. व्यवहारनिष्ठ गव्हर्नरांचा आधार हाच मतदार आहे.

निष्कर्ष :

१) गव्हर्नरांची व्यवहारनिष्ठा ही प्रामुख्याने समतोल अर्थसंकल्प, अंशतः नकाराधिकार आणि प्रत्यक्ष उत्तरदायित्व या बंधनांतून निर्माण होते. व्यक्तीचा स्वभाव त्या बंधनांना पूरक ठरतो, त्यांची जागा घेऊ शकत नाही.

२) साधनांविषयीच्या प्रश्नांत व्यवहारनिष्ठा प्रभावी ठरते. मूल्यांविषयीच्या प्रश्नांत ती मतभेद मिटवीत नाही. मतभेद असूनही काम चालू ठेवण्याचे मार्ग शोधते. मेडिकेडचा विस्तार हे त्याचे ठळक उदाहरण होय.

३) एकपक्षीय वर्चस्व, प्राथमिक निवडणुकीतील दबाव आणि स्थानिक प्रश्नांचे राष्ट्रीयीकरण यांमुळे या नेतृत्वाची जागा आकुंचित होत आहे.

४) सभ्यता आणि न्याय या भिन्न गोष्टी आहेत. सौजन्याने घेतलेला निर्णयही अन्याय्य असू शकतो. ज्यांचा आवाज वाटाघाटीच्या मेजापर्यंत पोहोचत नाही, त्यांच्यावर तडजोडीचा भार पडत नाही ना, हे तपासल्याशिवाय कोणतीही तडजोड यशस्वी म्हणता येणार नाही.

सारांश, पक्षीय संघर्षाच्या काळात चांगल्या नेत्याची वाट पाहणे पुरेसे नाही. नेत्याला परिणामांचा जाब द्यावा लागेल अशी पदरचना आणि दोन पक्षांना नियमितपणे एकत्र आणणाऱ्या संस्था टिकविणे तितकेच आवश्यक आहे. कॅन्सासच्या विधिमंडळाने पाच वर्षांनंतर स्वपक्षाचा निर्णय फिरविला, तो हिशेब जुळत नसल्याचे मान्य करावे लागले म्हणून. हिशेब मागणारी व्यवस्था शिल्लक असेपर्यंत लोकसेवेचा विचार पक्षनिष्ठेपुढे पूर्णतः निष्प्रभ होणार नाही.